वाढत्या अंगाचा कोट

कोट म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे कुणीतरी ऐटबाज माणूस येत असेल. तसला मी नाही. मी एका लहान मुलीचा कोट आहे. गडद हिरवा, पाच बटणांचा, आतून करड्या अस्तराचा. आणि मुख्य म्हणजे मी वाढत्या अंगाचा कोट आहे. ज्यांच्या घरी मुलं आहेत त्यांना याचा अर्थ सांगायला नको. बाहीत चार बोटं कापड दुमडून ठेवायचं, खाली घेराला तेवढंच, काखेच्या शिवणीत भरपूर जादा कापड सोडायचं, आणि मूल वाढेल तसं ते कापड बोट-बोट बाहेर काढायचं. आज ढगळ, उद्या बेताचा, परवा अगदी मापाचा.

माझं कापड मात्र खानदानी, बरं का. त्या आधी मी एका वकिलांचा ओव्हरकोट होतो. वीस वर्षं कोर्टात जाऊन खरं आणि खोटं दोन्ही पोटभर ऐकलंय मी. पुढे साहेबांचं पोट सुटलं, माझ्या पाठीला कसर लागली, तेव्हा ते मला घेऊन आल्टर करणाऱ्या बाईंच्या खिडकीशी आले. बाईंची दोन खोल्यांची जागा. पुढच्या खोलीच्या खिडकीत मशीन, आणि बाहेर पाटी: 'आल्टर करून मिळेल'. बाईंनी मला उलटासुलटा केला, उजेडात धरला आणि म्हणाल्या, "साहेब, खोटं कशाला सांगू? यातून तुमच्या मापाचं आता काही निघायचं नाही."

"मग ठेवा तुम्हालाच. तुमच्या पोरीला काहीतरी होईल," असं म्हणून साहेब गेले. गेले ते गेलेच. वीस वर्षांच्या संगतीनंतर मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही माणसानं! पण मला वाईट वाटायला सवड कुठे होती? बाईंनी त्याच दुपारी खडू घेतला.

बाईंना मी आईच म्हणतो. मला जन्म तिनंच दिला ना. त्या पोरीला घरात 'मुंगी' म्हणायचे. आठ वर्षांची होती, पण दिसायची सहाची. चालायची तुरुतुरु, बोलायची चुरुचुरु. तिचे बाबा बेकरीची गाडी चालवायचे. पहाटे पाव पोचवून नऊच्या आत घरी, आणि आले की सगळं घर दणाणून सोडायचे. "मुंगीबाई, साखर कुठाय तुमची?" हा त्यांचा रोजचा विनोद. रोज तोच. आणि रोज मुंगी हसायची.

पहिल्यांदा मला घातलं तेव्हा माझ्या बाह्या तिच्या बोटांच्या पेरांपर्यंत आल्या. आरशात बघून ती म्हणाली, "आई, यात माझे हात हरवले."

"वाढत्या अंगाचा आहे तो. पुढच्या थंडीत नेमका होईल. आणि आत चार बोटं राखून ठेवलीत, म्हणजे त्याच्या पुढच्या दोन थंड्याही निघतील."

तीन थंड्यांचा हिशेब करून ठेवला होता तिनं. आई होती ती. तिनं दुसरं काय करावं?

ते दिवस माझे फार चांगले गेले. रविवारी बाबांच्या गाडीतून तिघं तलावावर जायची. गाडीला ताज्या पावाचा वास, मागे रिकामे ट्रे खडखडताहेत, पुढे तिघं दाटीवाटीनं. डब्यात उकडलेली अंडी, लोणी लावलेला पाव, जॅमची बाटली. मुंगीच्या अंड्याला मीठ नसायचं. तिला मीठ कमी, पाणी मोजून, फळंसुद्धा विचारून. कारण तिची मूत्रपिंडं लहानपणापासून अधू होती. दर तीन महिन्यांनी मोठ्या दवाखान्यात जायचं, सुई टोचून घ्यायची, उंची-वजन करायचं, गोळ्या घेऊन यायचं. मुंगीला उंची मोजायला उभं राहणं सुईपेक्षा नकोसं वाटायचं. ती टाचा उचलायची आणि नर्स म्हणायची, "अगं लबाडे, टाचा खाली."

डॉक्टर एक गोष्ट प्रत्येक वेळी सांगायचे. मी खुर्चीच्या पाठीवर असायचो, मला पाठ झाली होती. "हिची उंची हीच आपली खूण आहे. वाढतेय तोवर चिंता नको. पण उंची थांबली असं वाटलं, तर तारखेची वाट बघू नका. लगेच घेऊन या."

दुसरी थंडी आली. आईनं मला ट्रंकेतून काढलं, ऊन दाखवलं, आणि कात्री हाताशी ठेवूनच मुंगीला मला घातलं. बाह्या मागच्या वर्षी होत्या तिथेच आल्या. बोटांच्या पेरांवर. आईनं मुंगीला सरळ उभं राहायला सांगितलं, मग जरा वाकवलं, मग पुन्हा सरळ. कात्री मशीनवर ठेवली आणि म्हणाली, "जाड कापड आहे, सैलच बरं."

ठरलेल्या तारखेला मुंगीला दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या. "या लागू पडल्या तर उंची पुन्हा धरेल. तीन महिन्यांनी बघू." त्यानंतर आठवड्याभरातच मुंगी शाळेतून आली ती रडतच. शाळेत उंचीप्रमाणे रांग लावायचे. मुंगी सलग तिसऱ्या वर्षी पहिली उभी. आणि त्या दिवशी तिच्या मागे एक वर्ष खालच्या वर्गातली मुलगी आणून उभी केली, तर तीही हिच्याहून उंच. पोरं हसली. मुंगी जेवली नाही, गोळ्या घेतल्या नाहीत. "त्या गोळ्यांनी काही होत नाही. मी वाढतच नाही. मला नको ते काही," म्हणून तोंड फिरवून बसली. दोन दिवस तिनं गोळीला हात लावला नाही. आईनं समजावलं, बाबांनी नकला केल्या, दटावून झालं. पोरगी हटेना.

तिसऱ्या दिवशी दुपारी, मुंगी शाळेत आणि बाबा झोपलेले असताना, आईनं मला मांडीवर घेतलं. ऊन होतं म्हणून मुंगी मला न घालताच गेली होती. मला वाटलं, बटण लावतेय. तिनं बाहीचा काठ आणखी बोटभर आत दुमडला आणि बारीक टाक्यांनी शिवून टाकला. दोन्ही बाह्या. खाली घेरही. वरून इस्त्री अशी फिरवली की मलासुद्धा कळू नये. तिचे ओठ सारखे हलत होते. माझ्याशी बोलत होती की देवाशी, मला नाही समजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंगीनं मला घातलं आणि आई एकदम ओरडली, "अगं बाई! बाह्या आखूड झाल्या की तुला!"

मुंगीनं हात पुढे केले. बोटं मोकळी झाली होती. पेरंही दिसत होती. तिचा विश्वासच बसेना. बाबा धावत आले. "बघू, बघू! आयला, खरंच की! मुंगीची मांजर व्हायला लागली!" त्यांनी तिला उचलून गरागरा फिरवलं. आणि मुंगीनं त्या दिवशी गोळ्या मागून घेतल्या.

सांगा, आता आईला कोणत्या तोंडानं नावं ठेवू मी? वीस वर्षं कोर्टात काढलेलं कापड मी, पण इतकं साधं खोटं मी कधी पाहिलं नव्हतं.

मग दर दोन-तीन आठवड्यांनी आई मला दुपारचं मांडीवर घ्यायची. एकेक बोट. माझी मनगटं आतून जाड होत चालली आणि मुंगी घरात मोठी होत चालली. बाबा तर येईल त्याला सांगायचे, "अहो, कोट पुरत नाही पोरीला."

पण मुंगी कुणाची पोर होती? शिवणाऱ्या बाईची. मशीनखाली चिंध्यांत वाढलेली. एकदा वर्गात बसल्या बसल्या तिनं सहज माझ्या बाहीत बोट घातलं. काठाचे पदर चाचपले. एक, दोन, तीन. पुन्हा मोजले. अंग वाढून बाही आखूड झाली तर आतली दुमड होती तेवढीच राहायला हवी. ही तर फुगली होती. तिनं बोट काढलं आणि काठ पुन्हा सारखा केला. मी म्हटलं, झालं. आता घरी जाऊन रडारड, गोळ्या बंद, सगळं मुसळ केरात. घरी आली. आई म्हणाली, "बघू गं, आज किती आलं?" आणि मुंगीनं काय करावं? खांदे पुढे काढले, हात ताणले, बाह्या आणखी वर सरकवल्या आणि म्हणाली, "आई, केवढी वाढले बघ!"

आईचा चेहरा असा फुलला की काय सांगू.

त्या दिवसापासून दोघी मला मध्ये घालून एकमेकींना फसवत होत्या. आई मुंगीसाठी, मुंगी आईसाठी. मी एकटा दोन्हीकडचं जाणत होतो, आणि मला तोंड नाही. बाबांना मात्र यातलं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. ते बिचारे मनापासून खूश होते.

तीन महिने भरले. दवाखान्याची तारीख आली. नेमकं त्याच दिवशी आईला एका शाळेत बोलावलं होतं, चाळीस मुलांच्या गणवेषांची मापं घ्यायला. एवढं मोठं काम पहिल्यांदाच मिळत होतं. निघताना ती बाबांना तीनदा म्हणाली, "अहो, अकराची वेळ आहे. विसरू नका हं."

"अगं, जा तू. पोरगी माझीपण आहे."

कितीतरी दिवसांच्या धुक्यानंतर त्या दिवशी लख्ख ऊन पडलं होतं. बाबा गाडी लावून घरात आले. मुंगी मला घालून तयार बसली होती. हिरमुसलेली. सुईचा दिवस ना. बाबांनी तिचे हात धरले. अर्धी मनगटं उघडी होती.

"काय गं ही उंची! तिथे जाऊन काय करणार ते? मापच घेणार ना? माप तर इथे समोर दिसतंय."

मुंगीला खरं काय ते ठाऊक होतं. पण बाहेर ऊन होतं, दवाखान्यात सुई होती, आणि ती नऊ वर्षांची होती हो. तिनं माझ्या बाह्या हळूच आणखी थोड्या वर ओढल्या.

बाबांनी दवाखान्यात फोन लावला. पलीकडून विचारलं, काही त्रास आहे का, वाढ ठीक आहे का. बाबा हसून म्हणाले, "एकदम झकास! कोटाच्या बाह्या आखूड झाल्यात." पुढची तारीख अडीच महिन्यांनंतरची मिळाली.

आणि दोघं तलावावर गेली. इतकी सुंदर सहल आमची पुन्हा झाली नाही. पाण्याच्या कडेला बसून दोघांनी पाव खाल्ला. जॅम माझ्या छातीवर सांडला. बाबांनी तिला गाडीच्या टपावर उभं केलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ओरडून सांगितलं, "ओ काका, बघा, माझी मुलगी माझ्यापेक्षा उंच झाली!" ती हसून हसून खाली बसली. मला अजून तिच्या त्या हसण्याचे हादरे आठवतात.

संध्याकाळी आई आली. पाय दुखत होते, पण खुशीत होती. "काय म्हणाले डॉक्टर?"

"गेलोच नाही," बाबा ऐटीत म्हणाले. "फोनवर सांगून टाकलं, पोरगी कोटात मावत नाही."

आईचा हात पातेल्यावर होता तिथेच राहिला. ती माझ्याकडे बघू लागली. खुंटीवर होतो मी. बोल बाई, मी म्हणत होतो, आत्ता बोल. पण मुंगी तिथेच बसली होती, गाल लाल झालेले, आज मीठ न घालता दोन अंडी खाल्ली म्हणून सांगत होती. तिच्यासमोर काय बोलणार? मुंगी झोपल्यावर बोलायचं, तर बाबा पहाटेच्या गाडीसाठी आधीच झोपलेले. आईनं ते उद्यावर ढकललं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "अहो, पुढच्या आठवड्यात एकदा नेऊन आणू तिला." बाबा म्हणाले, "तारीख मिळालीय की. पोर सुखात आहे, कशाला सुया टोचायच्या?" आईला खरं कारण सांगितल्याशिवाय हट्ट धरता येत नव्हता, आणि खरं कारण सांगायचं धाडस होत नव्हतं. मग गणवेषांचं काम अंगावर आलं. चाळीस शर्ट, चाळीस पँट. पुढचा आठवडा, त्याच्या पुढचा आठवडा. असे सहा गेले.

सातव्या आठवड्यात एका सकाळी मुंगीचे डोळे उघडेनात, इतका चेहरा सुजला होता. मला तिच्या अंगाभोवती गुंडाळून बाबांनी तिला पावाच्या गाडीतूनच नेलं. तिकडे पळापळ झाली. मला काढून कुणीतरी पिशवीत घातलं. पिशवीतूनच मी डॉक्टरांचं बोलणं ऐकलं. "उंची तर साडेचार महिन्यांत काहीच वाढलेली नाही. मधली तारीख का चुकवलीत?"

"मी चुकवली," बाबा म्हणाले. "मीच पुढे ढकलली."

आई शेजारीच उभी होती. ती काही बोलली नाही.

अकरा दिवसांनी मला आणि तिच्या चपलांना त्याच पिशवीतून घरी आणलं. आम्हालाच आणलं.

त्यानंतर घर गप्प झालं. बाबा फक्त एकच वाक्य बोलायचे, आणि ते सगळ्यांना. पाव घेणाऱ्या दुकानदाराला, शेजारणीला, खिडकीशी आलेल्या गिऱ्हाइकाला. "तारीख मी पुढे ढकलली हो." लोक खाली बघायचे, काहीतरी पुटपुटून निघून जायचे. आई मशीनवर बसलेली असायची. ते वाक्य आलं की तिचं मशीन थांबायचं. थोड्या वेळानं पुन्हा सुरू व्हायचं. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला कळत होतं. सांगावं, तर नवरा आयुष्यभर तोंड बघणार नाही. न सांगावं, तर तो आपल्या डोळ्यांदेखत झिजून जाणार, आपल्या चुकीसाठी. असे पाच महिने काढले तिनं.

मग एका रविवारी दुपारी बाबा बाहेरून आले आणि न जेवताच बसले. म्हणाले, "दवाखान्यात जाऊन आलो. डॉक्टरांना विचारलं, त्या तारखेला आणली असती तर वाचली असती का? ते म्हणाले, सांगता येत नाही." मग त्यांनी विचारलं, "सांगता येत नाही म्हणजे हो, असंच ना गं?"

आई उठली. तिनं मला खुंटीवरून काढलं, छोटी कात्री घेतली आणि त्यांच्या समोर बसली. तिनं माझी डावी बाही उसवायला घेतली. एक टाका, दुसरा टाका. एकेक दुमड सुटत गेली. बाही लांबत गेली. लांबतच गेली. आत ऊन न लागलेलं, गडद हिरवं कापड होतं. आईनं बाही त्यांच्या हातावर पसरली.

"हे मी आत घेतलं होतं," ती म्हणाली. "ती गोळ्या घेत नव्हती म्हणून. ती वाढली नव्हती हो. मी कोट आखूड करत होते. तुम्ही कोट बघून फसलात. तुमची काही चूक नाही."

बाबांनी त्या कापडावर बोटं ठेवली. एक, दोन, तीन. मग उठले आणि निघून गेले. बाहेर गाडीचं दार वाजलं, पण गाडी सुरू झाली नाही. आई एक बाही लांब आणि एक आखूड असा मला मांडीवर घेऊन बसून राहिली. आता हा माणूस परत येत नाही, असं तिनं धरूनच ठेवलं होतं. तिनं दाराकडे बघणंसुद्धा सोडलं.

ऊन उतरल्यावर ते आत आले. डोळे तांबडे झालेले. आईकडे बघितलं नाही. माझ्याकडे बोट करून म्हणाले, "ते परत शिव."

"काय?"

"होतं तसं शिव. तलावावर माझी पोरगी मोठी झालेली होती. मी स्वतः बघितलंय. तेवढं नको गं काढून घेऊस माझ्याकडून."

आईला सुईत दोरा घालता येईना. तिसऱ्या खेपेला बाबांनी सुई तिच्या हातातून घेतली, दोरा ओवून दिला आणि माझी बाही दुमडून धरून बसले. आई शिवत गेली. दोघांनी एकमेकांना माफ केलं की नाही, ते मी सांगू शकणार नाही. त्या दिवसानंतर बाबा तारखेचं वाक्य बोलले नाहीत. आईशीही फार बोलत नाहीत. पण रविवारी जेवायला समोरासमोर बसतात.

मी आता खिडकीजवळच्या खुंटीवर असतो, गिऱ्हाइकांना दिसेल असा. कुणी ना कुणी विचारतं, "कुणाचा हो हा छोटा कोट?" मग आई मला काढून दाखवते आणि बाबा घरात असतील तर तेही दारापाशी येऊन उभे राहतात. कापड जुनं आहे, तुम्ही जाणकार असाल तर बोट आत जाईलच तुमचं. तेवढं करू नका, हात जोडून सांगतो. माझे पदर मोजू नका. नुसत्या बाह्या बघा, आणि त्या दोघांना ऐकू जाईल असं म्हणा, "पोरगी चांगली झपाट्यानं वाढत होती हो तुमची."